हॅश जुळला, मग सुनीता कुठे गेली?

प्रश्न : ताई, आमचं तालुक्याचं 'ब' वर्ग ग्रंथालय आहे. जुन्या संगणकावरची पुस्तकांची आणि सभासदांची यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची होती. जुन्या प्रोग्रॅममधून दोन सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फाइली काढल्या, एक्सेलमध्ये उघडून रकान्यांची शीर्षकं तेवढी नीट केली, परत सीएसव्ही म्हणून सेव्ह करून ईमेलने पाठवल्या. एसएचए-२५६ हॅशही (फाइलच्या बाइटवरून काढलेला, बोटाच्या ठशासारखा क्रमांक) काढला होता. दोन्हीकडे तंतोतंत जुळला. इकडे ३१,२८४ पुस्तकं, तिकडेही ३१,२८४. पण सभासदांची नावं म्हणजे नुसती प्रश्नचिन्हं! दाखल क्रमांक ००४१७ चा ४१७ झालाय आणि शेकडो पुस्तकांचा आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) एकच, ९७८८१८०००००००. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, फाइल वाटेत बिघडली, पुन्हा पाठवा. दोनदा पाठवली, तेच.
— एक ग्रंथपाल, सांगली जिल्हा

उत्तर : तिसऱ्यांदा पाठवू नका. वाटेत काही झालेलं नाही. फाइल तुमच्या टेबलावरच बिघडली, आणि ती बिघडलेली फाइल ईमेलने अगदी इमानदारीत पोचवली.

तुमच्या सभासदांत एखादी सुनीता असेलच. तिच्या नावाच्या जागी किती प्रश्नचिन्हं आहेत ते मोजा. सहा असतील. कागदावर 'सुनीता' तीन अक्षरांची, पण संगणकाच्या हिशेबी सहा : स, उकार, न, ईकार, त, काना. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, यातल्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण अठरा. प्रश्नचिन्हं अठरा नाहीत, सहा आहेत. म्हणजे ती टाकणाऱ्या प्रोग्रॅमला मराठी वाचता येत होतं. लिहायच्या वेळी मात्र त्याच्या हातात मराठी नसलेली लिपी दिली गेली, आणि जे अक्षर बसेना त्याच्या जागी त्याने एकेक प्रश्नचिन्ह ठेवलं. वाटेत बिघडलेली फाइल इतकी शिस्तीत बिघडत नाही.

'शीर्षकं तेवढी नीट केली' या तुमच्या चार शब्दांत सगळं आहे. एक्सेलच्या 'सेव्ह अॅज'मध्ये 'सीएसव्ही (कॉमा डिलिमिटेड)' निवडलं की फाइल विंडोजच्या जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे मोजक्याच अक्षरांच्या तक्त्यात, लिहिली जाते. तिथे देवनागरीला जागा नाही. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा वेगळा पर्याय एक्सेल २०१६ पासून त्याच यादीत आहे, पण हात सवयीने पहिल्यावर जातो.

बाकीच्या दोन तक्रारींचं मूळही तेच. एक्सेलने ००४१७ ही संख्या समजून सुरुवातीची शून्यं पुसली. तेरा आकडी आयएसबीएन त्याने पडद्यावर ९.७८८१८ई+१२ असा (मोठी संख्या आखूड लिहायच्या पद्धतीने) दाखवला, आणि सीएसव्ही लिहिताना जे पडद्यावर दिसतं तेच फाइलमध्ये उतरतं. भारतातल्या कितीतरी पुस्तकांचा क्रमांक ९७८-८१ ने सुरू होतो. पहिले सहा आकडे उरले आणि पुढे सात शून्यं आली, की अख्खं कपाट एकाच क्रमांकाचं झालं.

मग हॅश का जुळला? कारण तुम्ही तो सेव्ह केल्यानंतर काढलात. फाइल जशी निघाली तशीच पोचली, एवढंच हॅश सांगतो. निघतानाच सुनीता गाडीत नव्हती, हे त्याला कुठून कळणार?

हॅशला मी नावं ठेवत नाही. माझं निम्मं आयुष्य एका बँकेच्या संगणक विभागात गेलं. सुरुवातीच्या काळात ओरॅकल डेटाबेसची एक्स्पोर्ट फाइल विंडोजवरून युनिक्सवर एफटीपीने (फाइली पाठवायच्या जुन्या पद्धतीने) पाठवली आणि 'बायनरी', म्हणजे बाइट जसेच्या तसे ने, असं सांगायला विसरले. एफटीपी मुळात मजकूर समजूनच पाठवतं. १९८५ सालच्या नियमावलीपासून तसंच आहे. त्यामुळे फाइलमध्ये जिथे जिथे विंडोजची ओळ संपल्याची दोन बाइटची खूण योगायोगाने आली, तिथे एक बाइट गळाला. दाबून लहान केलेल्या (कॉम्प्रेस्ड) फाइलमध्ये अशी जोडी साधारण ६५,५३६ बाइटमागे एकदा येते, म्हणजे १०० एमबीत १,६०० वेळा. 'ट्रान्सफर कम्प्लीट' बघून मी जेवायला गेले आणि रात्रभर इम्पोर्टशी झटापट केली. तेव्हा हॅश ताडला असता तर दहा मिनिटांत घरी असते. गंमत म्हणजे त्या एफटीपीत 'हॅश' नावाची आज्ञा होती, पण ती फाइल जाताना पडद्यावर नुसत्या जाळीच्या खुणा (#) काढायची! तिच्यावर विसंबलेले लोक मी पाहिलेत.

आता तुमचं काम. जुना संगणक पुसला नसेल तर बरं. नवीन यादी तपासून होईपर्यंत पुसूही नका. प्रश्नचिन्हांतून नाव परत मिळत नाही. नावांऐवजी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आली असती, तर बहुतेक वेळा ती उलटवता येतात. नव्या सॉफ्टवेअरवाल्यांना डेटाबेसमध्ये हेक्स करून (म्हणजे अक्षरांऐवजी त्यामागचे बाइट दाखवून) एक नाव बघायला सांगा. ३एफ ३एफ ३एफ दिसलं तर खरंच प्रश्नचिन्हं साठवली गेलीत. ई० ए४ अशी सुरुवात दिसली तर आत मराठी शाबूत आहे आणि दोष फक्त दाखवण्यात आहे. तुमच्या बाबतीत मला ३एफचीच खात्री वाटते.

पुन्हा एक्स्पोर्ट करा. फाइल तयार झाली की आधी हॅश, मग बाकी काही. हॅश काढायला विंडोजवर सर्टयुटिल, लिनक्सवर एसएचए२५६सम, दोन्ही फुकट. हॅश फाइलसोबत त्याच ईमेलमध्ये पाठवू नका, फोनवर सांगा. चौसष्ट आकडे-अक्षरांतली पहिली आठ आणि शेवटची आठ वाचून दाखवलीत तरी अशा कामाला पुरतं. शीर्षकं चुकीची असोत, ती तिकडचे बदलतील. फाइल बघायचा मोह होणारच, तर प्रत काढून प्रत बघा.

भरून झाल्यावर नुसती संख्या मोजून थांबू नका. ३१,२८४ ओळी तर आत्ताही जुळल्याच होत्या! वेगवेगळे आयएसबीएन किती, हे दोन्हीकडे मोजलं असतं तर पाच मिनिटांत गोम कळली असती. पुस्तकांच्या किमतींची बेरीज पैशापर्यंत जुळवा. पुस्तकाचं सर्वांत लांब शीर्षक किती अक्षरांचं आहे ते दोन्हीकडे पाहा. तिकडे बरोबर ५० किंवा १०० आलं तर रकाना आखूड पडून शेपूट कापलं गेलंय. शेवटी पंधरा-वीस नोंदी दाखल नोंदवहीशी डोळ्यांनी ताडा, त्याही अवघड बघून : 'वऱ्हाड'मधला ऱ, 'ॲ', नावातच स्वल्पविराम असलेलं पुस्तक, दोन ओळींत लिहिलेला पत्ता.

प्रश्न : डेटाबेसची ५ जीबीची बॅकअप फाइल पेन ड्राइव्हवर जातच नाही. ड्राइव्ह ३२ जीबीचा, पूर्ण रिकामा. ड्राइव्ह खराब आहे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : ड्राइव्ह ठीक आहे. तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार आणि त्यात एकेक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. एक्सएफएटीने फॉरमॅट करा (आतलं सगळं जाईल, पण तुमचा रिकामाच आहे) किंवा फाइल झिप करा; डेटाबेसचा मजकुरी डंप (साध्या मजकुरात काढलेली बॅकअप) चांगला दबतो. कॉपी झाल्यावर 'इजेक्ट' म्हणून ड्राइव्ह काढा, परत लावा आणि मगच हॅश ताडा. न काढता लगेच ताडलात तर संगणक बहुधा स्वतःच्या मेमरीतली प्रत वाचतो, आणि ड्राइव्हवर काय उतरलंय ते कळतच नाही.