'प्रथमपुरुषी' म्हणजे मी की तो?

सिडकोतल्या एका कॉलेजकुमाराचा प्रश्न: 'बॅटलझोन'सारख्या जुन्या संगणकी खेळांत फौजही चालवायची असते आणि स्वतः रणगाड्यात बसून गोळेही डागायचे असतात. इंग्रजीत त्यांना 'फर्स्ट-पर्सन रिअल-टाइम स्ट्रॅटेजी' म्हणतात; मराठीत 'प्रथमपुरुषी वास्तवकालीन व्यूहनीती खेळ' म्हणावं का?

नको रे बाबा. हे नाव उच्चारेपर्यंत रणगाडा उडालेला असेल.

'प्रथमपुरुषी'तच गोची आहे. शाळेतल्या मराठी व्याकरणात प्रथमपुरुष म्हणजे मी. संस्कृतवाल्याला विचारा, तो सांगेल की 'पठति' हा प्रथमपुरुष, म्हणजे 'तो'. 'मी' हा उत्तमपुरुष. गंमत अशी की या खेळांत दोन्ही अर्थ एकदम चालू असतात. १९९८च्या 'बॅटलझोन'मध्ये तुम्ही चंद्रावर तरंगत्या रणगाड्यात बसलेले असता. आकड्यांची बटणं दाबून सोबत्यांना हुकूम सोडायचे, भंगार गोळा करवून नवी वाहनं बांधून घ्यायची, आणि तेवढ्यात समोरून कुणी आलाच तर त्याच्याशी स्वतः भिडायचं. रणगाडा फुटला तर बाहेर उडी. मग पायी फिरून शत्रूच्या चालकाला लांबून टिपायचं आणि त्याचंच वाहन पळवायचं! त्याच वर्षीच्या 'अर्बन असॉल्ट'मध्ये तर नकाशा बघता बघता आपल्या कुठल्याही वाहनात शिरता येतं.

'वास्तवकालीन'ही टाकून द्या. बुद्धिबळासारखी पाळीची वाट बघायची नसते, एवढंच त्यात सांगायचंय. आणि गोळ्या झाडण्याच्या खेळांना, म्हणजे इंग्रजीतल्या 'शूटर'ला, 'नेमबाजी' म्हटलं की मला पदकं आठवतात, धुमश्चक्री नाही.

मराठीत याची सोय क्रियापदातच आहे: लढणं आणि लढवणं. किल्ला लढवतात, निवडणूक लढवतात, शक्कलसुद्धा लढवतात. म्हणून माझं मत 'लढत लढवायचा खेळ' याला. संक्रांतीला येवल्याच्या गच्च्यांवर बघा: गड्याची नजर पेचावर, बोटं मांज्यावर, आणि तोंडानं आसारीवाल्या, म्हणजे मांज्याची फिरकी धरलेल्या पोराला 'सोड, सोड, अरे सोड!' चाललेलं. तो लढतोही आणि लढवतोही.

फक्त २००२च्या 'नॅचरल सिलेक्शन'ला हे नाव बसत नाही. तिथे माणसांच्या बाजूचा एक खेळाडू खुर्चीत बसून वरून नकाशा बघतो, बाकीचे खाली बंदुका घेऊन धावतात. लढणारे वेगळे, लढवणारा वेगळा. त्या खुर्चीतल्याला सरळ 'सेनापती' म्हणा.