वेबसाइट आपल्या कॉम्प्युटरमधल्या फोल्डरची परवानगी मागते, द्यावी का?

फोटोंची साइज कमी करून देणाऱ्या साइटने आधी फोल्डर निवडायला लावलं आणि मग त्यात बदल करायची परवानगी मागितली, म्हणून तुम्ही थांबलात. थांबलात ते बरं केलंत. परवानगी द्यायचीच असेल तर त्या कामापुरता नवा फोल्डर बनवा, त्यात फोटोंच्या कॉपी टाका आणि तोच दाखवा.

मी नागपुरात इतवारी-महाल भागातल्या दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळतो. महालातल्या एका स्टुडिओवाल्या भाऊंनी लग्नाचा अख्खा फोल्डर अशा एका साइटला दाखवला होता. तिने लहान केलेले फोटो मूळ फोटोंवरच सेव्ह केले. रिसायकल बिन रिकामा, कारण डिलीट काही झालंच नव्हतं, फाइली आतून बदलल्या होत्या. कॅमेऱ्याचं कार्ड अजून फॉरमॅट केलं नव्हतं म्हणून अल्बम वाचला. त्या संध्याकाळचा भाऊंचा चेहरा मी विसरलो नाही.

पूर्वीपासूनचं 'फाइल निवडा' बटण वेगळं. त्यात साइटला तुम्ही निवडलेल्या फाइलीतला मजकूर वाचता येतो, मूळ फाइल बदलता येत नाही, ती कुठल्या फोल्डरात आहे हेही कळत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये क्रोम ८६ सोबत 'फाइल सिस्टम ॲक्सेस' आलं, तेव्हापासून परवानगी मिळाली की साइट थेट तुमच्या डिस्कवर लिहू शकते. फोल्डर दिला की त्यातले सगळे सबफोल्डरही दिले, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. विंडोजचा फोल्डर किंवा अख्खं डॉक्युमेंट्स निवडायला गेलात तर क्रोम अडवतं. पण डॉक्युमेंट्सच्या आत तुम्ही 'जीएसटी' नावाचा फोल्डर केला असेल, तर तो देताना कोणी अडवणार नाही.

अँटिव्हायरसच्या भरवशावर राहू नका. फाइली बदलतो तो ब्राउझर, आणि ब्राउझर तर विश्वासातला प्रोग्राम. याच वाटेने वेबसाइट फाइली कुलूपबंद करून खंडणी मागू शकते, हे फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०२३ च्या युझेनिक्स सिक्युरिटी परिषदेत दाखवून दिलं. फायरफॉक्स आणि सफारीने डिस्कवरचे फोल्डर असे उघडे करून दिलेले नाहीत, म्हणून अनोळखी साइटसाठी मी गिऱ्हाइकांना फायरफॉक्स इन्स्टॉल करून देतो.

२०२४ पासून क्रोम 'दर भेटीला परवानगी' असाही पर्याय देतं. तो घेऊ नका, 'या वेळेपुरती' घ्या. ही मागणीच नको असेल तर क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये 'फाइल एडिटिंग' बंद करता येतं.

याआधी कुठल्या साइटला परवानगी दिली असेल तर ती आजच काढा. मात्र तोवर साइटने जे वाचून आपल्या सर्व्हरवर नेलं, ते परत येत नाही. त्या फोल्डरात गिऱ्हाइकांचे आधार-पॅन स्कॅन असतील, तर त्यांना फोन करून सांगा.