टॅबचं वायफाय हॉलमध्ये चालतं पण आतल्या खोलीत सारखं तुटतं, काय करू? (सोलापूर)

आधी त्याच आतल्या खोलीत बसून घरातला एखादा मोबाईल त्याच वायफायवर चालवून बघा. तोही अडकत असेल तर टॅबचा काही दोष नाही, सिग्नलच पोचत नाय तिथं. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या भिंती बघितल्यात ना, हातभर जाड दगड, त्यातून 5 गिगाहर्ट्झवालं वायफाय कुठलं पार होतंय. राऊटर दोन नावं दाखवत असेल तर ज्याच्या शेवटी 5जी आहे (मोबाईलच्या 5जीशी त्याचा काय संबंध नाय बरं का) ते सोडा आणि साधं 2.4वालं लावा, स्पीड थोडा कमी येतो पण लांबपर्यंत पोचतं.

मोबाईल मस्त चालतोय अन् टॅबच रुसलाय, तर टॅबमध्ये ते नेटवर्क फरगेट करा, राऊटर मिनिटभर बंद करून चालू करा आणि पासवर्ड परत टाका. बॅटरी सेव्हर बंद ठेवा, जाड मेटलचं कव्हर असेल तर काढून बघा. तरीही नाही झालं तर सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क सेटिंग रीसेट करा, फोटोबिटो जात नाहीत, फक्त सेव्ह केलेले वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या उडतात. फक्त तिथंच शेजारी फॅक्टरी रीसेट पण असतं, घाईत ते दाबू नका, सगळं साफ होईल.

टॅब पडला होता किंवा स्क्रीन बदललीय आणि तेव्हापासून राऊटरजवळ बसूनसुद्धा एकच दांडी दिसते, तर आतली अँटेनाची वायर सुटली असणार. नवी पेठेत दाखवा, पण उघडायच्या आधी खर्च विचारून घ्या.