नवा पिकअप घेतलाय, आधी काय बदलू?

प्रश्न: नवीन पिकअप घेतला, फोटो सगळ्यांना पाठवून झाले! आता ३१ इंची टायर काढून ३३ चे टाकायचेत, गाडी उंच करणारं लिफ्ट किट पण बसवायचंय. आधी काय करू?

उत्तर: अभिनंदन भाऊ, नवी गाडी मिरवायलाच हवी! पण आधी मागच्या हौद्याकडे बघा. तिथे प्लास्टिकचा सुटा लायनर, म्हणजे हौद्याचं अस्तर, नुसता ठेवला ना की खाली वाळू आणि पाणी अडकतं, गाडी हलते तशी ती वाळू रंगावर घासत राहते आणि वर्ष-दोन वर्षांनी लायनर उचलला की खाली गंज, मी स्वतः बघितलाय, जीव हळहळतो. त्यापेक्षा स्प्रे लायनर मारून घ्या, तो पत्र्याला चिकटून बसतो.

टायरचं म्हणाल तर ३३ टाकल्यावर स्पीडोमीटर कमी दाखवतो, काटा १०० वर असेल तेव्हा गाडी खरी साधारण १०६ ने पळत असते, म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे स्पीडोमीटर नव्या टायरला जुळवून घ्याच. लिफ्टनंतर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा रोख पण बघा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यावर उजेड जातो. आणि हो, लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र), रॅक हे सगळं वजन पेलोडमधूनच, म्हणजे गाडी जेवढं वजन वाहू शकते त्यातूनच वजा होतं.