बायबलप्रमाणे गरिबांचं रक्षण हे राजाचं काम आहे, की तो फक्त दानधर्माचा उपदेश?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. बायबलमधली गरिबांविषयीची वचनं भाविकांना केलेला दानाचा उपदेश आहेत की राज्यकर्त्यावर टाकलेली जबाबदारी, हा पहिला. आणि जबाबदारी असेल तर ती इस्राएलच्या राजांपुरतीच का, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर असं की दोन्ही आहे, पण सांगितलंय वेगवेगळ्या माणसांना. शेताच्या कडेकोपऱ्यातलं पीक कापू नका, गळालेली कणसं वेचू नका, ती गरिबाला आणि उपऱ्याला राहू द्या (लेवीय १९:९-१०), हे शेतकऱ्याला सांगितलंय. राजाकडे मागणी येते तेव्हा मात्र ती बहुतेक वेळा निवाड्याची असते. गरिबाचं हिसकावलेलं परत मिळवून दे आणि हिसकावणाऱ्याला आवर, असं तिचं रूप. थोडक्यात, शेतकऱ्याच्या दारात गरिबाला दाणे मिळावेत आणि राजाच्या दारात दाद.

यातला मुख्य हिब्रू शब्द 'शाफात', म्हणजे न्याय करणं. मराठी बायबलात 'शास्ते' नावाचं पुस्तक आहे, त्याचं मूळ नाव 'शोफतीम' याच धातूवरून आलंय. त्या पुस्तकातले शास्ते निकालपत्रं लिहीत बसत नाहीत, ते लोकांना जुलमातून सोडवतात. म्हणून स्तोत्र ७२ मध्ये राजा दीनांचा 'न्याय करो' असं येतं, तेव्हा त्याच चौथ्या ओवीत पुढे गरजवंतांच्या मुलांना तारणं आणि जुलूम करणाऱ्याला चिरडणं हेही येतं. (या स्तोत्रावर नाव शलमोनाचं. आणि लबानोनात लाकडं तोडायला ३०,००० माणसं वेठीला धरून, महिन्याला १०,००० अशा पाळ्या लावणाराही शलमोनच, १ राजे ५:१३-१४. बायबल अशा विसंगती झाकत नाही.)

निवाडा व्हायचा वेशीत. गावचे वडीलधारे तिथे बसत आणि आरोप सिद्ध व्हायला दोन किंवा तीन साक्षीदार लागत (अनुवाद १९:१५). ज्याला भाऊबंद नाहीत, त्याच्यासाठी साक्षीला कोण येणार? पोरका, विधवा आणि उपरा ही तीन नावं पुन्हा पुन्हा एकत्र येतात ती यामुळेच. त्यांच्याकडे पैसा नाही हा भाग आहेच, पण त्यांच्या बाजूने वेशीत उभं राहणारं कुणी नाही, ही खरी अडचण. शूनेमची बाई पाहा. एके काळी ती चांगली सधन होती. सात वर्षांच्या दुष्काळात पलिष्ट्यांच्या मुलखात राहून परतली, तेव्हा घर आणि शेत दोन्ही हातचं गेलेलं. ती थेट राजाकडे गेली. राजाने एक अधिकारी नेमून दिला आणि हुकूम केला की तिचं सगळं परत द्या, शिवाय ती गेली त्या दिवसापासून आजवरचं शेताचं उत्पन्नही द्या (२ राजे ८:१-६). राजाचं काम म्हणजे काय, ते इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुठे दिसतं.

लमुएल राजाला त्याची आई काय सांगते तेही याच धाग्यातलं. राजाने द्राक्षारसाच्या नादी लागू नये, कारण प्यायलेला राजा कायदा विसरेल आणि पीडितांचा हक्क बुडेल. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तू तोंड उघड (नीतिसूत्रे ३१:४-९). दारूवर इथे आक्षेप आहे तो निवाडा बिघडतो म्हणून.

आता एक राजा जवळून पाहू. यहूदाचा राजा योशीया इ.स.पू. ६०९ मध्ये मेला. त्यानंतर मिसरच्या फारोने यहूदावर १०० किक्कार चांदी आणि १ किक्कार सोन्याची खंडणी बसवली. किक्कार म्हणजे साधारण ३० ते ३४ किलो, म्हणजे चांदीच तीन टनांच्या वर. योशीयाचा मुलगा यहोयाकीम याने ती लोकांवर पट्टी बसवून वसूल केली (२ राजे २३:३३-३५). आणि हाच यहोयाकीम स्वतःसाठी वाडा बांधत होता. ऐसपैस माड्या, रुंद खिडक्या, गंधसरूच्या फळ्या, वर हिंगुळाचा रंग. मजुरांना मजुरी मात्र नाही. संदेष्टा यिर्मया त्याला विचारतो, गंधसरूत चढाओढ केलीस म्हणून तू राजा ठरतोस का? तुझा बाप खातपीत होताच की, पण दीनदुबळ्यांचा निवाडा करत होता, आणि त्याचं बरं चाललं. लगेच पुढे परमेश्वराचा प्रश्न येतो: मला ओळखणं म्हणजे हेच नव्हे काय? (यिर्मया २२:१३-१७). माझ्या मते या विषयावरचा सर्वांत धारदार उतारा हाच. देवाला ओळखण्याची खूण इथे यज्ञात किंवा मंदिरात शोधलेली नाही, ती राजाच्या निवाड्यात शोधलीय. राजाने उपाशी राहावं असंही कुणी म्हणत नाही.

हे नुसतं संदेष्ट्यांचं बोलणं होतं का, अशी शंका येऊ शकते. १९६० मध्ये इस्राएलच्या किनाऱ्याजवळ, यावने-यामच्या दक्षिणेला एका जुन्या गढीत एक खापर सापडलं. त्यावर शाईने हिब्रूत अर्ज लिहिलाय, इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरचा. अनेक अभ्यासक तो योशीयाच्याच काळातला मानतात. एक कापणी करणारा मजूर तिथल्या अधिकाऱ्याला विनवतो: मी नेमून दिलेली कापणी पुरी केली, तरी शोबायचा मुलगा होशयाहू याने माझं वस्त्र नेलं, सोबतचे कापणीवाले माझ्या बाजूने साक्ष देतील, माझं वस्त्र परत मिळावं. गहाण घेतलेलं पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत कर, नाहीतर तो रात्री कशात निजेल, असं निर्गम २२:२६-२७ सांगतं. त्याच्या शेजारी हे खापर ठेवून वाचा. अंगावरच्या एका वस्त्रासाठी मजूर अधिकाऱ्याकडे दाद मागू शकतो, हे त्या काळात गृहीत होतं.

राज्यकर्त्याने प्रत्यक्षात काय करायचं याचा पूर्ण नमुना नहेम्याच्या पाचव्या अध्यायात आहे. काळ इ.स.पू. ४४५ नंतरचा, नहेम्या पारसाच्या राजाने यहूदावर नेमलेला अधिपती. लोक तीन प्रकारच्या तक्रारी घेऊन येतात. काहींची खाणारी तोंडं जास्त आणि धान्य नाही. काहींनी दुष्काळात धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकलीत. काहींनी राजाचा सारा भरायला कर्ज काढलंय. मुली दासी झाल्यात आणि शेतं दुसऱ्याच्या ताब्यात, त्यामुळे त्यांना सोडवायची ऐपत नाही. नहेम्या संतापतो, मनाशी विचार करतो, मग सरदार आणि अंमलदारांना समोरासमोर दोष देतो आणि मोठी सभा भरवतो. आपण आणि आपले चाकरही पैसा नि धान्य उसनं देत आहोत, हे तो तिथेच कबूल करतो आणि ही वसुली सगळ्यांनीच सोडू या म्हणतो. मागणी नेमकी आहे: शेतं, मळे, जैतुनाचे बाग, घरं आजच परत करा, आणि पैसा, धान्य, द्राक्षारस, तेल यांवरचा शंभरावा हिस्साही. हा हिस्सा दरमहाचं व्याज धरला तर वर्षाचे १२ टक्के होतात. सावकार 'हो' म्हणतात, पण नहेम्या तेवढ्यावर विसंबत नाही. याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावतो आणि आपल्या वस्त्राचा ओचा सर्वांदेखत झटकतो: शब्द मोडणाऱ्याला देव असाच झटकून टाको. आधीचे अधिपती लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि वर ४० शेकेल चांदी घेत. याने १२ वर्षं अधिपतीचा भत्ता घेतला नाही.

वाचताना दोन ठिकाणी हमखास गल्लत होते.

पहिली म्हणजे गरीब आहे म्हणून निकाल त्याच्या बाजूने द्यायचा, अशी समजूत. निर्गम २३:३ गरिबाचाही पक्षपात करू नका म्हणतं, आणि तीनच ओव्या पुढे त्याचा न्याय बुडवू नका म्हणतं. दोन्ही एकत्र वाचायची. व्यवहारात पारडं श्रीमंताकडे झुकतं, म्हणून दुसऱ्या सूचनेची पुनरुक्ती जास्त आहे, इतकंच.

दुसरी गल्लत, कायद्याची पद्धत पाळली की न्याय झाला असं मानणं. नाबोथाचा खटला काढून पाहा (१ राजे २१). अहाब राजाला त्याचा द्राक्षमळा भाजीच्या मळ्यासाठी हवा होता. नाबोथ वडिलोपार्जित जमीन सोडेना. राणी ईजबेलने राजाची मोहर लावून पत्रं पाठवली. उपास जाहीर झाला, वडीलधारे बसले, साक्षीदारही नियमाप्रमाणे दोन आले. कागदोपत्री बोट ठेवायला जागा नाही, आणि नाबोथाला दगडांनी ठेचून मारलं. संदेष्टा एलीयाने अहाबाला खुनी आणि बळकावणारा म्हटलं ते या खटल्यानंतर. यशया १०:१-२ तर अन्यायी फर्मानं लिहिणाऱ्यांनाच धरतो, म्हणजे कायदा करणाराही यातून सुटत नाही.

राजा कायद्याच्या वर नाही, हे अनुवाद १७:१६-२० मध्ये आहे: घोडे, बायका, सोनंनाणं फार वाढवू नये, नियमशास्त्राची एक प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी, ती रोज वाचावी, आणि भाऊबंदांपेक्षा स्वतःला थोर समजू नये. बलवानाने दुबळ्याला नाडू नये ही भाषा बाबेलचा राजा हम्मुराबी याच्या शिलालेखातही आहे, तो बायबलच्या राजांच्या कित्येक शतकं आधीचा. तिथे कायदे देणारा राजाच आहे. इथे राजा कायद्याची प्रत लिहून घेणारा.

आता दुसरा प्रश्न, इस्राएलबाहेरच्या राजांचा. दानीएल बाबेलच्या नबुखद्नेस्सराला सल्ला देतो की नीतीने वाग आणि गरिबांवर दया कर, म्हणजे कदाचित तुझं स्वास्थ्य टिकेल (दानीएल ४:२७). त्या राजाने मोशेचं नियमशास्त्र मानलेलं नव्हतं, तरी अपेक्षा तीच. रोमकरांस पत्र १३:४ मध्ये पौल अधिकाऱ्याला 'तुझ्या हितासाठी देवाचा सेवक' म्हणतो तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता. हे वचन आज्ञापालनाच्या बाजूने पुष्कळदा सांगतात, त्यातलं 'तुझ्या हितासाठी' मात्र गाळतात. स्तोत्र ८२ मध्ये परमेश्वर ज्यांना जाब विचारतो ते 'देव' म्हणजे मानवी न्यायाधीश की राष्ट्रांवरच्या स्वर्गीय सत्ता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांच्यावरचा आरोप कुठल्याही अर्थाने एकच राहतो: दुबळ्याला आणि पोरक्याला न्याय दिला नाहीत, दुर्जनांच्या हातून सोडवलं नाहीत.

मुळातून वाचायचं असेल तर २ राजे २३ चा शेवट आधी वाचा आणि मग यिर्मया २२. उलट क्रमाने गेलात तर त्या वाड्याचा राग का येतो ते कळत नाही.