कागद त्यांच्या कपाटात, जीव माझा टांगणीला

"मॅडम, माझे ओरिजिनल त्यांच्याकडे आहेत. मी नोकरी सोडू कशी?" हे वाक्य पुण्यात समुपदेशन करताना माझ्या कानावर सारखं येतं. हिंजवडीतली मुलं, चाकणचे कंत्राटी कामगार, खासगी रुग्णालयांतल्या नर्स. झोप लागत नाही, छातीत धडधडतं म्हणून येतात आणि कधीतरी ओघात हे बाहेर पडतं. त्यातली एक हकीकत तिच्या परवानगीनं, ओळख बदलून सांगते.

रेश्मा उदगीरकडची. जीएनएम हा नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम करून इथल्या एका खासगी रुग्णालयात लागली. रुजू होताना गुणपत्रिका, जीएनएमचं प्रमाणपत्र, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, अगदी आधार कार्डसुद्धा एचआरनं जमा करून घेतलं आणि दोन वर्षांच्या बाँडवर, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरीन अशा करारावर, सही घेतली. रात्रपाळ्यांनी ती पार खचली होती. राजीनाम्याचा विषय काढला तर उत्तर मिळालं, "बाँडचे पैसे भर आणि फाइल ने."

माझ्यासमोर मात्र रुग्णालयाला ती चकार शब्द बोलत नव्हती. "चूक माझीच. सही मीच केली ना. घरी काय तोंड दाखवू?"

मी विवेकनिष्ठ विचारांची. घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, हे मी रोज बघते. पण रेश्माची भीती काही मनाचे खेळ नव्हती. तिचे कागद खरोखरच अडकले होते. अशा वेळी "विचार बदल" एवढंच सांगणं म्हणजे अडवणाऱ्याला मोकळं सोडणं. म्हणून मी विचारलं, "सही केलीस त्यात लिहिलंय काय?"

"माहीत नाही. फोटो आहे फोनमध्ये."

"मग वाच. मोठ्यानं."

काचेला तडा गेलेला फोन. दोन बोटांनी अक्षरं मोठी करत ती अडखळत वाचू लागली आणि एका ओळीवर थबकली. कागदपत्रे पडताळणीसाठी जमा करून घेतली, असं तिथे होतं. "पडताळणी तर पहिल्याच महिन्यात झाली, मॅडम. सिस्टरनीच सांगितलं होतं." तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. "पैसे भरेपर्यंत ठेवू, असं यात कुठेच नाही!"

आवाज चढला होता. इतके दिवस स्वतःवर निघणारा राग पहिल्यांदा योग्य पत्त्यावर गेला. मी गप्प राहिले, तो राग तिला पुरता अनुभवू दिला. माझ्या कामात मला सर्वांत मोलाचे वाटतात ते हेच क्षण. सही, बाँडचे पैसे आणि कागद यांची तिच्या मनात एकच गाठ बसली होती, आणि ती आवळून धरली होती अपराधीपणानं. गाठ सुटल्यावर कायद्याचं बोलणं तिच्या कानात शिरलं. त्याआधी सांगितलं असतं तर वाया गेलं असतं.

कायदा काय म्हणतो ते तुम्हीही नीट समजून घ्या. येणं वसूल होईपर्यंत दुसऱ्याची वस्तू अडकवण्याचा सर्वसाधारण हक्क, तसा स्पष्ट करार असल्याखेरीज, करार कायदा 1872 च्या कलम 171 नं बँका आणि उच्च न्यायालयातले वकील अशा मोजक्याच मंडळींना दिला आहे. नोकरी देणारा त्यात नाही. शैक्षणिक प्रमाणपत्र ही बाजारात विकायची वस्तू नव्हे, त्यामुळे त्यावर असा हक्क सांगता येत नाही, असं मद्रास उच्च न्यायालयानंही म्हटलं आहे. पासपोर्ट तर 1967 च्या कायद्याप्रमाणे केंद्र सरकारची मालमत्ता आहे, नोकरी देणाऱ्यानं कपाटात कोंडायची चीज नाही. विश्वासानं सोपवलेली वस्तू अप्रामाणिकपणे भलत्या कामासाठी वापरली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 316 लागू शकतं. आणि कागद अडकवणं हे वेठबिगारीचं एक लक्षण आहे, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटना मानते. हे ऐकून रेश्मा म्हणाली, "म्हणजे मी एकटीच बावळट नाही."

बाँडचं मात्र मी तिला खोटं सांगितलं नाही. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. म्हणजे बाँडचे पैसे कधी कधी द्यावे लागतात. पण तो वाद पैशांचा. कागद ओलीस ठेवून तो सोडवता येत नाही.

शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात ती गेली. स्त्रियांना तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. 15100 या क्रमांकावरही मदत मिळते. वकिलांनी पत्राचा मसुदा करून दिला, तिनं तो रुग्णालयाला ईमेल केला आणि स्पीड पोस्टानंही पाठवला. कुठले कागद, कधी दिले, कशासाठी दिले, किती दिवसांत परत हवेत, एवढंच त्यात होतं. फाइल परत मिळाली. बाँडच्या रकमेची बोलणी अजून चालू आहेत, पण ती आता झोपते.

तुम्ही नव्यानं रुजू होत असाल तर मूळ कागद दाखवा, समोर पडताळून घ्या आणि लगेच परत घ्या. द्यायच्या त्या सही केलेल्या झेरॉक्स. "दोनच दिवस ठेवतो" म्हणाले तर कागदांची यादी, कारण आणि परत करायची तारीख लिहिलेली शिक्क्याची पोच घ्या, आणि तिचा फोटो त्याच दिवशी घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा.