पल्सरची वाट एकीकडे, क्ष-किरणांची रेघ दुसरीकडे

प्रश्न : बंदरातून मचवा निघाला की पाण्यावरची रेघ त्याच्या मागोमाग उमटते. मग वेगाने धावणाऱ्या ‘गिटार’ पल्सरच्या क्ष-किरण छायाचित्रात तेजाची रेघ त्याच्या वाटेला आडवी का दिसते? पावसाळा सरल्यावर ती आमच्या किनाऱ्यावरून दुर्बिणीने दिसेल का?
— एक वाचक, हर्णै (ता. दापोली)

उत्तर : आपण म्हणता तो पल्सर बी २२२४+६५ होय. सुमारे २,७०० प्रकाशवर्षे दूर असलेला हा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा, ०.६८ सेकंदात स्वतःभोवती एक फेरी घेतो आणि सेकंदाला ७०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. जन्मवेळचा स्फोट सर्व बाजूंनी सारखा न झाल्यामुळे त्याला हा धक्का बसला असावा.

मचव्याचा दृष्टान्त येथे लागू पडतो, पण अर्धाच. पल्सरमधून निघणारा भारित कणांचा वारा समोरच्या विरळ वायूवर आदळतो, तेव्हा मचव्याच्या नाळेपुढे उठणाऱ्या लाटेसारखा धनुष्याकृती आघात-तरंग तयार होतो आणि मागे पोकळी उरते. हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशात या साऱ्याचा आकार गिटारसारखा दिसतो, आणि हे गिटार पल्सरच्या वाटेवरच आहे. क्ष-किरणांत मात्र ते जवळजवळ दिसतच नाही. ‘चंद्रा’ या अवकाशातील क्ष-किरण वेधशाळेला तेथे आढळली ती सुमारे २ प्रकाशवर्षे लांबीची एक अरुंद रेघ, जी पल्सरच्या गतीच्या दिशेशी जवळपास ११८ अंशांचा कोन करते.

याचे आज सर्वाधिक ग्राह्य मानले जाणारे स्पष्टीकरण असे आहे. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गोल फिरतो, आणि त्याची ऊर्जा जितकी जास्त तितके ते वर्तुळ मोठे असते. पल्सर आणि त्याच्या पुढचा आघात-तरंग यांच्यातील जागा फार अरुंद असल्याने अतिऊर्जावान इलेक्ट्रॉनांची वर्तुळे तेथे मावत नाहीत. ते बाहेर निसटतात, ताऱ्यांमधल्या अवकाशातील चुंबकीय बलरेषा पकडून मळसूत्री मार्गाने दूर जातात आणि जाताना क्ष-किरण सोडतात. म्हणजे रेघेची दिशा पल्सर ठरवत नाही, तेथील चुंबकीय क्षेत्र ठरवते. २००० आणि २००६ मधील निरीक्षणे शेजारी ठेवली असता रेघेची पुढची कड पल्सरबरोबरच सरकलेली दिसली. पल्सर पुढे जाताना सतत नवनव्या बलरेषांवर कण सोडत असेल, तर नेमके हेच दिसायला हवे. म्हणून हा पुरावा मला विशेष महत्त्वाचा वाटतो.

आता आपल्या दुसऱ्या शंकेविषयी. क्ष-किरण वातावरणातच शोषले जातात, त्यामुळे आकाश कितीही निरभ्र असले तरी ही रेघ जमिनीवरून दिसणार नाही; चंद्रा वेधशाळा १९९९ पासून अवकाशात फिरते ती याच कारणाने. गिटारचा तांबडा प्रकाश जमिनीपर्यंत पोहोचतो खरा, पण तो इतका मंद आहे की हौशी निरीक्षकाच्या लहान दुर्बिणीचे तेथे काही चालत नाही. ऑक्टोबरच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे वृषपर्वा तारकासमूह शोधावा. शर्मिष्ठेचा ठळक आकार सापडला की तो शेजारीच मिळतो. पल्सर त्याच तारकासमूहात आहे.